त्याच्या आधी कोण बोललं?

आमच्या स्टाफरूममध्ये भांडणाला तोंड फुटलं की दोन्ही बाजू आधी खिडकीतून बघून घ्यायच्या, प्राणिशास्त्राच्या बाई येत तर नाहीत ना. बाई आल्या की भांडणातली मजा जायची. त्या कोणाचीच बाजू घेत नसत. खडू उचलून फळ्यापाशी जात आणि विचारत, "आधी कोण बोललं?" अमुक बोलले असं कळलं की त्यांचं नाव लिहून एक बाण काढत. "त्याच्या आधी?" मग दुसरं नाव. "आन् त्याले कोनं सांगतलं?"

एकदा परीक्षेच्या ड्युट्यांवरून भूगोल आणि वाणिज्य यांची जुंपली. बाईंनी बाण काढता काढता फळा भरून टाकला. शेवटचा बाण फिरत फिरत प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेला आणि तिथून पुन्हा भूगोलावर आला. कोणीच निर्दोष उरलं नाही, त्यामुळे एकट्याला दोषी धरण्याची सोय राहिली नाही, आणि भांडण उपासमारीने मेलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तो फळा रंगवायला म्हणून काढून नेला. मी निवृत्त झालो तोवर तो वाळलेला नव्हता.

गडचांदूरच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो. मराठीच्या प्राध्यापकाकडे गाव दोन कामं घेऊन येतं: मानपत्र आणि श्रद्धांजली. विशेषणं दोन्हीकडे तीच असतात, फक्त काळ बदलायचा. या धंद्यात मी इतक्या थोर माणसांना जवळून पाहिलं की थोरपणावरचा माझा विश्वास उडाला. बाईंवर मात्र कोणी मानपत्र लिहायला सांगितलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बाई मूळच्या चिमूरकडच्या. वडील जंगल खात्यात आगीवर नजर ठेवायच्या कामावर होते. उन्हाळाभर जंगलात, हातात हिरवी फांदी, पायात टायरच्या चपला. आजोबा छप्पन्न साली नागपूरहून परत आले ते दीक्षा आणि पाटी अशा दोन गोष्टी घेऊन, आणि त्या घरात दोन्हींचा मान सारखाच राहिला. बाईंच्या बोलण्यात वणवा, पाचोळा, जाळरेषा हे शब्द आमच्या बोलण्यात मीठ-मिरची यावी तसे येत. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलत. जीव गुंतला की झाडी बोली बाहेर पडे, जिच्यात बायकाही ‘मी करतो’ म्हणतात. विद्यार्थ्यांना ते ठाऊक होतं. ‘मले’ ऐकू आलं की मागच्या बाकावरचेही मान वर करायचे.

त्यांच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. प्रतिकारपेशी ‘हल्ला’ करतात, असं जो म्हणेल त्याने तासानंतर काचपट्ट्या धुवायच्या. पुस्तकात तसं छापलेलं होतं. बाई म्हणत, "पुस्तक लिहिणाऱ्याले बी पट्ट्या धुवाले लावल्या असत्या, पण तो पुण्यात राह्यते."

मी एकदा दाराशी उभा राहून त्यांचा तास ऐकला. मेंदूवरचा होता. मेंदू म्हटलं की सगळे विचार करणाऱ्या पेशींचं कौतुक करतात, बाई सांभाळणाऱ्या पेशींबद्दल बोलत होत्या. एका जातीच्या पेशी मज्जातंतूंच्या तारांवर वेष्टण चढवतात. दुसऱ्या ताऱ्यांच्या आकाराच्या, म्हणून तारापेशी. त्या खाणंपिणं बघतात आणि रक्तवाहिनीच्या काठावरचा नाका राखतात. तिसऱ्या घरच्या राखणदार, कचरा उचलत फिरणाऱ्या. रक्तातल्या प्रतिकारपेशी या बाहेरच्या. एरवी त्या बहुतेक नाक्यावरूनच परत फिरतात. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात त्या आत शिरतात आणि तारांवरच्या वेष्टणालाच परकं समजतात.

"मग हल्ला करतात," पहिल्या बाकावरचा एक हुशार बोलून गेला.

"पट्ट्या," बाई न थांबता म्हणाल्या. "बाहेरचा आला, म्हणून लगेच घर जळत नाही. घरचा राखणदार त्याले वेष्टनाचा तुकडा दाखवते, म्हनते, हा बघ, हाच तो. बाहेरचा चेकाळते. त्याचं ओरडनं ऐकून राखणदार अजून चेकाळते. त्या दोघायचं ऐकून तारापेशी नाका सोडते, आन् वरून आनखी लोकायले बलावते. आता सांगा, आग कोनं लावली?"

मागच्या बाकावरच्यांनी माना वर केल्या.

"कोनीच एकट्यानं नाई. आन् मजा अशी, की बाहेरचे निघून गेले तरी वेष्टन गेलेल्या डागाच्या कडेले घरचेच धुमसत राह्यतात. वनवा विझला म्हनून साहेब गाडीत बसून जाते, आन् बुंध्यात धग असते, तसं. पण याच राखणदारानं कचरा उचलला तं नवं वेष्टन बसते. याच तारापेशीले दुसरा निरोप भेटला तं ते भांडन शांत बी करते. म्हनून मी विचारत असतो, कोन कोनाले काय बोललं. आरोपी धरून काई होत नाई. निरोप बदलता आला पायजे."

मी आयुष्यभर नायक आणि खलनायक शिकवत आलो होतो. त्या दिवशी माझ्या तासाला मला जरा चाचरायला झालं.

हे सगळं त्यांना इतकं बारीक का ठाऊक होतं, ते गावात सर्वांना माहीत होतं. तो आजार त्यांना स्वतःला होता. पण तो कळायला काही वर्षं गेली, आणि त्याचं कारण आमच्या जिल्ह्याखेरीज कुठे घडलं नसतं.

आमच्याकडे ऊन हे हवामान नाही, निदान आहे. चक्कर आली, ऊन लागलं. उलटी झाली, ऊन लागलं. सून उलट बोलली तरी शेजारीण म्हणते, ऊन लागलं असेल. एका मार्च महिन्यात बाईंच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि रंग फिके दिसू लागले. लोकांनी कैरीचं पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवायला दिला. पावसाळ्यापर्यंत डोळा सुधारला. म्हणजे ऊनच होतं, हे सिद्ध झालं. पुढच्या उन्हाळ्यात डावा पाय ओढू लागला, दिवाळीपर्यंत सावरला. पुन्हा सिद्ध झालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवरून पडल्या, तेव्हा भावाने गाडी केली आणि त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. वेष्टण गेलेली तार तापली की निरोप पोचवत नाही, थंड झाली की पोचवते, हे बाई फळ्यावर वर्षानुवर्षं काढून दाखवत होत्या, आणि स्वतः खिशात कांदा घेऊन हिंडत होत्या.

या गोष्टीवर त्या स्वतः सर्वांत जास्त हसत. "शिकलेली बाई, पण चंद्रपूरची," म्हणत.

आजार कळल्यावर संस्थेने त्यांना दोन देणग्या दिल्या. पहिली, ग्रंथालयात बसून काम करण्याचा सल्ला. तो बाईंनी नाकारला आणि उन्हाळ्यातले तास प्राचार्यांच्या केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली, कारण कॉलेजातला चालता कूलर तेवढाच होता. बेडूक, काचपट्ट्या आणि पोरं घेऊन त्या आत गेल्या. प्राचार्य सौजन्याने बाहेर व्हरांड्यात बसले. आठवड्याभरात प्रयोगशाळेला कूलर आला.

दुसरी देणगी म्हणजे सत्कार. महिलादिनाला त्यांचा फोटो फलकावर लावला, खाली ‘मृत्युंजय झुंज’ असं छापलं. (हा शब्द माझा नव्हता. मी निदान आजाराची चौकशी करून विशेषण लावतो.) पाहुणे उशिरा आले, मंडपात भट्टी झाली होती, आणि शेवटी बाईंच्या खांद्यांवर एक जाडजूड लोकरी शाल घालण्यात आली. बाईंनी ती काढली, हातात वजन केलं, शांतपणे मंचाच्या बाजूला गेल्या आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. पिळली. पुन्हा पांघरून खुर्चीवर येऊन बसल्या. ध्वनिक्षेपकाशी वाकून म्हणाल्या, "आता कामाची झाली. धन्यवाद." पुढची तिन्ही भाषणं त्यांनी त्या ओल्या शालीत अतिशय प्रसन्न चेहऱ्याने ऐकली. पाहुण्यांचा मात्र घामाने सदरा भिजला होता.

त्यानंतर बाईंना एक खोड लागली. उन्हाळ्यात कोणाला ऊन लागलं असं कानावर आलं की त्या घरी जाऊन हजर. "एका डोळ्यानं कमी दिसते की दोन्हीनं? थंड पानी टाकल्यावर बरं वाटते काय? मागच्या वर्षी बी झालं होतं काय?" त्यांनी कित्येकांना नागपूरला पिटाळलं. प्राचार्यांच्या मिसेसना मोतीबिंदू निघाला. पहारेकऱ्याला साखर निघाली. बँकेतल्या एकाला काहीच निघालं नाही. तो बायकोच्या माहेरी जायचं टाळत होता. बाईंचा आजार एकालाही निघाला नाही. मग गाव म्हणू लागलं, बाई आजार वाटत फिरतात. पानठेल्यावर कोणी जांभई दिली तरी दुसरा म्हणायचा, "बाईले सांगू काय?"

मीही एकदा म्हणालो, "बाई, जंगल खात्यासारखं झालंय. वाघ दिसला नाही तरी पाऊलखुणा."

"भाऊ," त्या म्हणाल्या, "वाघ नाई दिसला तं बरंच आहे ना. तुमाले वाटते मले दिसावा?"

आणि मग कौसल्या आली.

कौसल्या दुसऱ्या वर्षाला होती. जिवतीच्या वरच्या एका पाड्यावरची, गोंड घरातली. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती. पोरगी हरणासारखी धावायची. वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती, आणि त्या पाड्यावरून अशी नोकरी आजवर कोणाला लागली नव्हती. क्रीडाशिक्षक तिला दुपारी धाववायचे, कारण ऊन खाल्ल्याशिवाय दम येत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. एप्रिलमध्ये धावताना तिचा उजवा पाय घसटायला लागला. क्रीडाशिक्षक म्हणाले, ऊन. वडील म्हणाले, ऊन. तिने स्वतःही तेच म्हटलं.

बाईंनी तिला प्रयोगशाळेत बोलावून नेहमीचे प्रश्न विचारले. मी तिथेच बसून त्यांच्या कूलरखाली पेपर तपासत होतो. हिवाळ्यात एक डोळा काही दिवस अंधुक झाला होता, हे कौसल्येने सांगितलं आणि लगेच सांगितल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी उठली.

"नागपूरले जाऊन फोटो काढून घे," बाई म्हणाल्या.

"भरती झाल्यावर जाईन."

"तोवर दुसरा डाग पडला तं? गेलेलं सगळंच परत येत नाई, पोरी. माह्या तीन उन्हाळ्यायचं सगळं आलं नाई परत."

कौसल्या दारात थांबली. "मॅडम, सगळं गाव हासते तुमाले. तुमचा आजार वाटाले मीच एकटी भेटली काय?" आणि गेली.

बाई बराच वेळ फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पेच खरा होता. आजार निघाला तर नोकरी जाणार, आणि न बघता धावत राहिली तर पाय जाऊ शकत होता. आणि सांगणारी बाई अशी, की जिचे सगळे अंदाज आजवर चुकले होते. मी म्हटलं, आता सोडून द्या. बाईंनी सोडलं नाही. भरतीची धाव झाली. पहाटेच्या गारव्यात होती. कौसल्या दिमाखात पास झाली आणि पेढे घेऊन आली. बाईंनी पेढा खाल्ला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पहाटे धावली. आता माह्यासंगं दुपारी चाल. फक्त चाल. काई झालं नाई तं मी तुले पुन्हा कधी बोलनार नाई."

मे महिन्याचा पहिला आठवडा असेल. भर दुपारी कॉलेजच्या मैदानावर आम्ही चौघे होतो. झाडांच्या पानांवर सिमेंट कारखान्याची पांढरी पूड, आणि जमिनीतून वाफा. बाईंनी क्रीडाशिक्षकांना बोलावून घेतलं होतं. "सर, तुम्ही निरोगी माणूस म्हणून चाला." सरांना तो मान वाटला. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली. मला कडुनिंबाखाली बसवून एक बादली, बर्फ आणि ओले दुपट्टे यांचा कारभार दिला होता. मी विरोध नोंदवला. बाई म्हणाल्या, "नोंदवला. बर्फ वितळू देऊ नका."

त्यांनी निघण्याआधी कौसल्येला एवढंच सांगितलं, "तिघायच्या डोक्यावर ऊन एकच आहे. कोनाचं काय होते, ते तूच पाह्य. मी सांगनार नाई."

तिघे चालू लागले. पहिल्या फेरीत सर सर्वांत पुढे होते. नंतर बाईंचा डावा पाय मातीत रेघ ओढू लागला. कौसल्या त्यांच्या पायाकडे बघत चालत होती, मग तिची नजर स्वतःच्या पायाकडे गेली. तिचा उजवा पायही रेघ ओढत होता. मैदानावर दोन रेघा मागे राहत होत्या, एक डावी आणि एक उजवी. सरांच्या मागे नुसते बुटांचे ठसे. पलीकडच्या वळणावर बाई कोसळल्या. कौसल्या त्यांना उचलायला वाकली आणि तिलाही उठता येईना. सरांनी शिट्टी वाजवली. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

दोघींना आम्ही ओढत सावलीत आणलं. मानेवर, डोक्यावर ओले दुपट्टे टाकले, पाय बर्फाच्या बादलीशी. थोड्या वेळाने बाईंनी अंगठा हलवून पाहिला. त्यानंतर लवकरच कौसल्येने हलवला. मग ती उभी राहिली. चार पावलं गेली, परत आली. पाय नीट पडत होता. सर मात्र तोवर आडवे झाले होते. डोकं ठणकतं म्हणत होते, आणि संध्याकाळपर्यंत तसेच होते.

"ऊन कोनाले लागलं?" बाईंनी विचारलं.

कौसल्येने सरांकडे बोट केलं. मग खाली बसली आणि रडली. बाईंनी तिला रडू दिलं. नंतर म्हणाल्या, "बापाले मी सांगू का तू सांगतेस?"

"मी सांगतो," ती म्हणाली.

हा प्रकार ऐकून नागपूरचे डॉक्टर बाईंवर ओरडले, आणि बरोबरच ओरडले. असं कोणी करू नये. कोणी करणारही नाही, कारण त्यासाठी आधी स्वतः पडायची तयारी लागते.

कौसल्येचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. तिचे फोटो निघाले तेव्हा डाग थोडे होते. औषध वेळेत सुरू झालं. वैद्यकीय तपासणीच्या दिवशी तिने आपले कागद आपणहोऊन टेबलावर ठेवले. ठेवले नसते तर त्या दिवशी कोणाला कळलंही नसतं. मी असतो तर ठेवले नसते. तिने मला सांगितलं, "वनव्यापुढं उभी राह्यलो आन् पाय गेला, तं मले काढाले दुसरा येईन, सर. मंग तो बी जळन." वनरक्षकाची नोकरी गेली. तो तोटा कशाने भरून निघाला नाही, आणि तो भरून निघाला असं तिच्यापुढे म्हणणाऱ्याला बाई उठवून लावत. आज ती जिवतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, अजूनही पहाटे धावते, आणि ठरलेल्या मुदतीला नागपूरला जाऊन सलाईनमधून औषध घेऊन येते. बाई आता काठी घेऊन चालतात. कोणी दार उघडून धरलं तर आधी त्याला आत पाठवतात.

मला आठवतो तो फोटोंचा निकाल घ्यायचा दिवस. दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाकड्यावर आम्ही बसलो होतो: कौसल्या, तिचे वडील, बाई आणि मी. बाईंनी आपल्या तपासणीचीही तीच तारीख मागून घेतली होती. वडील प्रवासभर आमच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. त्यांच्या लेखी या बाईने चांगली नोकरी लागत असलेल्या पोरीला उन्हात पाडलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी कौसल्येला गोंडीत काहीतरी विचारलं, तिने हळू आवाजात बरंच सांगितलं. बाईंच्या पायाकडे एकदा बोट केलं. मग ते गृहस्थ पहिल्यांदा बाईंकडे वळले.

"बाई, तुमचा बी पाय जानार हाये, हे ठाऊक होतं तुमाले?"

"होतं."

"मंग तुमी काऊन चालल्या? पोरीले एकटीले चालवाचं ना."

बाईंना असल्या प्रश्नांची तयार उत्तरं असत. त्या वेळी त्यांनी आधी कौसल्येकडे पाहिलं.

"पोरगी एकटी पडली असती, तं पडलीच असती, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोघी पडलो तं बसलो म्हनता येते."

वडील गुडघ्यावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं आणि नर्सने फाईल हातात धरून विचारलं, "पेशंट कोण आहे?"

बाई आणि कौसल्या एकदमच उभ्या राहिल्या.

"एका वेळी एकच," नर्स म्हणाली.

कौसल्येचे वडील उठले. त्यांनी दोघींच्या पिशव्या आपल्या खांद्याला लावल्या आणि दाराशी जाऊन ते हाताने धरून ठेवलं.

"दोघी संगच येतीन," ते म्हणाले.